हिशेब जुळत नाही तेव्हा : कृष्णद्रव्य की गुरुत्वाचा नवा नियम?



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे कृष्णद्रव्य आणि सुधारित गुरुत्वाकर्षण या दोन कल्पनांची तुलना. विषय विश्वाएवढा आणि वक्ता कामगार संघटनेचा कार्यकर्ता, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. ते साहजिक आहे. दहावीनंतर मी कारखान्यात लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा उच्च गणिताच्या वाटेने मी आपल्याला नेऊ शकणार नाही. परंतु या वादाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो गणिताच्याही आधीचा आहे. हिशेब जुळत नसेल तर एखादी नोंद राहून गेली असे धरावयाचे, की हिशेबाचा नियमच चुकला असे धरावयाचे? पगारपत्रके तपासण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला हा प्रश्न परका नाही.

आज हिंजवडीच्या कचेऱ्यांतून परस्पर येथे आलेले पुष्कळ तरुण-तरुणी मला समोर दिसत आहेत. सॉफ्टवेअर लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्यापुढेही हा प्रश्न रोज उभा राहतो. प्रोग्रॅम चालविला, पण यावयाचे उत्तर आले नाही. तर पुरविलेल्या माहितीतल्या काही ओळी गहाळ आहेत, की माहिती पुरी असून फंक्शनच चुकीचे लिहिले गेले आहे? म्हणून मी आज त्यांच्या परिभाषेचा थोडा आधार घेणार आहे. इतरांना ती अडणार नाही याची काळजी घेईन.

जुळत नसलेला हिशेब

प्रथम मूळ तक्रार काय आहे ते पाहू. आपल्या सूर्यमालेतले जवळजवळ सगळे वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. साहजिकच सूर्यापासून जितके दूर जावे तितकी त्याची ओढ कमी आणि ग्रहाचा वेगही कमी. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, आणि पार टोकाचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. न्यूटनचा नियम हेच सांगतो आणि आकाश त्याला दुजोरा देते.

आता दीर्घिकेकडे वळू. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे कुटुंब. आपली आकाशगंगा ही त्यांपैकी एक. दीर्घिकेचा बहुतेक प्रकाश मध्याकडे एकवटलेला असतो. तेव्हा कडेचे तारे नेपच्यूनसारखे सावकाश फिरत असले पाहिजेत. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील वेग मोजून प्रसिद्ध केले. पुढे त्याच दशकात रेडिओ दुर्बिणींनी ताऱ्यांच्याही पलीकडे पसरलेल्या हायड्रोजन वायूचे वेग मोजले गेले. दीर्घिकेमागून दीर्घिका तपासली, आणि उत्तर एकच आले : मध्यापासून दूर गेले तरी वेग उतरत नाही, जवळजवळ सपाट राहतो. आपल्या जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिनेही अंधुक, लहान दीर्घिकांतील हायड्रोजनच्या हालचाली टिपण्याचे मोलाचे काम केले आहे.

गोफणीतला दगड जितका जोरात फिरवावा तितकी दोरी बळकट लागते. येथे दगड जोरात फिरतो आहे आणि दोरी मात्र कच्ची दिसते. डोळ्यांना दिसणाऱ्या द्रव्याची ओढ एवढ्या वेगाच्या ताऱ्यांना व वायूला धरून ठेवण्यास पुरत नाही. फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने १९३३ सालीच अशी तक्रार नोंदविली होती. त्याने पाहिला तो केशसंभार तारकासमूहातील दीर्घिकांचा जमाव. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या की दिसणाऱ्या द्रव्याच्या बळावर तो जमाव केव्हाच विस्कटावयास हवा होता. त्याचे आकडे पुढे बरेच सुधारले गेले, परंतु तक्रार कायम राहिली.

पूर्वीचे तीन खटले

अशी तक्रार विज्ञानापुढे पहिल्यांदाच आलेली नाही. मागच्या तीन खटल्यांचे निकाल पाहण्यासारखे आहेत.

पहिला खटला युरेनसचा. हा ग्रह गणिताने ठरविलेल्या वाटेवरून किंचित ढळत असे. फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी नियमाला हात लावला नाही. युरेनसच्या पलीकडे न दिसलेला एक ग्रह ओढ लावीत असला पाहिजे असे धरून त्यांनी त्याची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण रोखली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. नोंद राहिली होती, ती मिळाली.

दुसरा खटला बुधाचा. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शंभर वर्षांत हिशेबापेक्षा सुमारे ४३ विकला अधिक सरकतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. फरक एवढा बारीक, पण हटता हटेना. १८५९ मध्ये याच ल व्हेरिए यांनी पूर्वीचाच उपाय सुचविला : बुधाच्या आत आणखी काहीतरी अदृश्य फिरत असावे. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले. तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाचा नवा सिद्धांत मांडला आणि त्या ४३ विकला आपोआप जुळून आल्या. येथे नियम बदलावा लागला.

तिसरा खटला अणूच्या पोटातला. काही किरणोत्सर्गी पदार्थांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा हिशेब तुटत असे. नील्स बोर यांच्यासारखा मोठा माणूस ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सोडावयास तयार झाला होता. १९३० साली पाउली यांनी उलट सुचविले की, एक न दिसणारा कण ती ऊर्जा घेऊन निसटत असावा. तो कण म्हणजे न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष पकडला गेला १९५६ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी. पुढे १९६५ मध्ये वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर मांडलेल्या प्रयोगात टिपले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते, हे आपण अभिमानाने सांगावे.

म्हणजे दोन खटले राहून गेलेल्या नोंदीच्या बाजूने आणि एक नियमाच्या विरुद्ध. परंतु जुन्या खटल्यांच्या बेरीज-वजाबाकीवरून नव्या खटल्याचा निकाल लावता येत नाही. पुरावा ज्याचा त्यानेच द्यावा लागतो.

दोन पक्षांचे म्हणणे

कृष्णद्रव्याचा पक्ष असा. ओढ काढणारे फंक्शन बरोबर आहे, त्याला हात लावू नका. त्याला दिलेली माहिती अपुरी आहे. विश्वात नेहमीच्या द्रव्याच्या साधारण पाचपट असे दुसरे द्रव्य आहे. ते प्रकाश देत नाही, अडवीतही नाही. कृष्ण म्हटले म्हणून ते काजळासारखे काळे समजू नये. खरे तर ते काचेहूनही पारदर्शक आहे. ते एकमेकांवर किंवा वायूवर आपटून थांबत नाही. त्याची खूण एकच, त्याची ओढ. प्रत्येक दीर्घिका अशा द्रव्याच्या मोठ्या वलयात बसलेली आहे.

दुसरा पक्ष सुधारित गुरुत्वाचा. त्याची सर्वांत गाजलेली मांडणी इस्राएलचे मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये केली. ते म्हणतात, माहिती पुरी आहे. फंक्शनमध्ये एक जर-तर घालावयाचे राहिले आहे. त्वरण एका ठराविक उंबरठ्याखाली गेले की नियम बदलतो. एरवी अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते. उंबरठ्याच्या बऱ्याच खाली ती निम्मीच होते. एवढा बदल केला की कडेचे वेग सपाट राहतात.

हा उंबरठा किती बारीक आहे याची कल्पना द्यावी म्हणून सांगतो. स्थिर वस्तूला तेवढेच त्वरण सतत मिळत राहिले, तर सेकंदाला एक मीटर एवढा वेग येण्यास तिला सुमारे २६० वर्षे लागतील. नेपच्यूनवर सूर्याची जी ओढ आहे तीसुद्धा या उंबरठ्याच्या ५० हजार पटींहून अधिक. म्हणून सूर्यमालेत जुना नियम बिनतक्रार चालतो, आणि दीर्घिकेच्या कडेला मात्र अडतो.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा एका ओळीचा आणि एका स्थिरांकाचा पॅच झाला. तो थट्टेवारी नेण्यासारखा मुळीच नाही. त्यातून निघणारी गोष्ट पाहा : दीर्घिकेचा सपाट वेग केवळ तिच्या दिसणाऱ्या द्रव्यावरून ठरला पाहिजे, द्रव्य सोळापट झाले तर वेग दुप्पट, यात सूट नाही. पुढे अत्यंत अंधुक दीर्घिकांची मोजमापे आली, तेव्हा त्याही या नियमाला बऱ्याच अंशी धरून निघाल्या. आधी सांगितलेले मागाहून खरे ठरणे याला विज्ञानात मोठी किंमत आहे.

चुकीला स्वतंत्र पत्ता आहे काय?

आता दोन्ही पक्षांची परीक्षा कशी घ्यावयाची? येथे मी माझ्या धंद्यातला एक दाखला देतो. पगारवाटपानंतर शंभर कामगारांनी तक्रार केली की पैसे कमी आले. कारणे दोनच संभवतात. जादा कामाच्या दराचे सूत्रच चुकीचे बसले असेल, किंवा काहींची हजेरी नोंदवावयाची राहिली असेल. पत्रक हातात घेतले की हा भेद कळतो. सूत्र चुकले असेल तर प्रत्येकाची तूट त्याच्या जादा तासांच्या प्रमाणात असते. पत्रकात आहे तेवढ्याच आकड्यांवरून कोणाची तूट किती हे आधीच सांगता येते. उलट नोंद राहिली असेल, तर तुटीचा इतर आकड्यांशी मेळ बसत नाही. ती अमक्या माणसाची, अमक्या दिवसाची असते. तिला स्वतःचा पत्ता असतो, आणि तिचा मागोवा दुसऱ्या वहीत, म्हणजे फाटकावरच्या रजिस्टरात, सापडू शकतो.

हीच कसोटी आकाशाला लावून पाहू. नियम चुकला असेल तर तूट दिसणाऱ्या द्रव्यावरून मोजता आली पाहिजे. द्रव्य राहिले असेल तर त्याला स्वतंत्र पत्ता असला पाहिजे, म्हणजे दिसणारे द्रव्य एकीकडे आणि ओढ दुसरीकडे असे कोठेतरी आढळले पाहिजे.

दीर्घिकांचा पुरावा पहिल्या बाजूला झुकतो. २०१६ मध्ये मॅकगॉ, लेली आणि शोम्बर्ट यांनी १५३ दीर्घिकांतील सुमारे २,७०० ठिकाणची मोजमापे एका आलेखावर मांडली. दिसणाऱ्या द्रव्यावरून येणारी ओढ आडव्या अक्षावर, प्रत्यक्ष ओढ उभ्यावर. सगळे बिंदू एकाच वक्ररेषेभोवती गोळा झाले, आणि उंबरठा तोच आला. ही माहिती सर्वांना खुली आहे; ज्यांना आकडे हाताळण्याची सवय आहे त्यांनी एखाद्या रविवारी आलेख स्वतः काढून पाहावा. कृष्णद्रव्याच्या पक्षाला येथे उत्तर द्यावे लागते : न दिसणारे द्रव्य दिसणाऱ्याच्या इतके शिस्तीत मागे कसे चालते? त्यांचे म्हणणे असे की, दीर्घिका घडताना वायू आत ओढला जातो, तारे फुटून तो बाहेर फेकला जातो, आणि या घडामोडीतूनच हा मेळ उत्पन्न होतो. संगणकावर उभ्या केलेल्या त्यांच्या दीर्घिकांत तसा मेळ दिसतोही. परंतु त्या प्रोग्रॅममध्ये फिरविता येण्याजोगे खिटे बरेच आहेत, आणि खिटे पुष्कळ असले की जुळलेल्या उत्तराचे मोल किती उतरते हे येथल्या तरुणांना मी सांगावयास नको.

आता दुसरी बाजू. दीर्घिकांचे दोन मोठे जमाव एकमेकांवर आदळून आरपार गेल्याचे एक दृश्य आकाशात आहे. बंदुकीच्या गोळीसारख्या आकारामुळे त्याला बुलेट समूह म्हणतात. अशा जमावातले नेहमीचे द्रव्य बहुतांशी तप्त वायूच्या रूपात असते. टक्कर झाली तेव्हा वायू वायूवर घासून मागे रेंगाळला. दीर्घिका मात्र एकमेकींना न लागता पुढे निघून गेल्या. आता ओढ कोठे आहे? ती पाहण्याचे साधन म्हणजे गुरुत्वाचे भिंग. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वाकतो आणि मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा ताणल्या जातात. हे आमचे फाटकावरचे रजिस्टर. २००६ मध्ये क्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून नकाशा प्रसिद्ध केला. ओढ वायूपाशी नव्हती. ती दीर्घिकांबरोबर पुढे गेली होती. दिसणारे द्रव्य एकीकडे आणि ओढ दुसरीकडे! तुटीला स्वतंत्र पत्ता मिळाला. शिवाय मिलग्रोम यांचा नियम लावला तरी अशा जमावांत जवळजवळ दुप्पट द्रव्य लागतेच. म्हणजे नियमही बदला आणि नोंदही वाढवा अशी पाळी येते.

त्याहून जड पुरावा विश्वाच्या बालपणाचा आहे. आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात सर्व दिशांनी येतो. २००९ मध्ये सोडलेल्या प्लांक उपग्रहाने त्यातले बारीक चढउतार मोजले. तेव्हाच्या तप्त वायूला ओढ आत खेचीत असे आणि प्रकाशाचा दाब बाहेर ढकलीत असे. त्यातून आंदोलने उठत. ज्या द्रव्याला प्रकाश ढकलू शकत नाही असे काही तेथे असेल, तर त्या आंदोलनांच्या शिखरांची उंची ठराविक रीतीने बदलते. ती तशी बदललेली आढळली. अवघ्या सहा आकड्यांच्या आधारावर हा सगळा आलेख कृष्णद्रव्याच्या पक्षाला काढता येतो, आणि पाचास एक हे प्रमाणही त्यातूनच येते. मिलग्रोम यांच्या मूळ नियमाला येथे काही बोलताच येत नाही, कारण तो एवढ्या व्यापक परिस्थितीसाठी लिहिलेलाच नव्हता.

त्याला व्यापक करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. परंतु १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची वार्ता पृथ्वीवर पोहोचली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने आले. ज्या सिद्धांतांत प्रकाश आणि गुरुत्वलहरी यांचा प्रवास वेगवेगळा होतो, त्यांतले पुष्कळ त्या दिवशी बाद झाले. बेकेनस्टाइन यांनी २००४ मध्ये मांडलेला गाजलेला सिद्धांतही मूळ रूपात टिकला नाही. २०२१ मध्ये स्कोर्डिस आणि झ्वॉश्निक यांनी मात्र असा एक सिद्धांत दिला की जो ही अट पाळतो आणि प्लांकचा आलेखही जुळवितो. तेव्हा त्या पक्षाने शस्त्रे खाली ठेवलेली नाहीत. दीर्घिकासमूहांचे देणे मात्र अद्याप थकलेलेच आहे.

न सापडलेला आरोपी

एवढे असूनही कृष्णद्रव्याच्या पक्षाची मोठी अडचण ही की त्याचा कण अजून हाती लागलेला नाही. अमेरिकेत दक्षिण डाकोटा प्रांतात होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती; २००२ मध्ये ती बंद झाली. खाणकामगारांनी पिढ्यान् पिढ्या खणलेल्या त्याच विवरांत, सुमारे दीड किलोमीटर खोल, सात टन द्रवरूप झेनॉन पहाऱ्यावर बसविला आहे. एखादा कण अणूला धडकला तर क्षणभर उजेडाची ठिणगी उठावी म्हणून. वरचे खडक इतर किरणांना अडवितात. २०२४ पर्यंतच्या निकालांत अशी एकही खात्रीची धडक सापडली नाही. इटलीत ग्रान सास्सो पर्वताखालीही असा पहारा आहे. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर प्रयोगशाळा आहे. न्यूट्रिनोला सव्वीस वर्षे लागली हे ध्यानी ठेवावे. व्हल्कन कधीच सापडला नाही हेही विसरू नये.

तुलनेचा निष्कर्ष

मला समजतो तो निष्कर्ष असा. सुधारित नियमाचा पॅच एका भागाच्या चाचणीत, म्हणजे एकेकट्या दीर्घिकेत, चकित करण्याइतका उत्तम चालतो. सगळी प्रणाली जोडून चालविली की समूहांत आणि विश्वाच्या बालपणात अडखळतो. कृष्णद्रव्य जोडलेल्या प्रणालीत उत्तम चालते. सुट्या दीर्घिकेतली शिस्त मात्र त्याला सायासाने समजावून द्यावी लागते. बहुतेक शास्त्रज्ञ आज कृष्णद्रव्याच्या बाजूला आहेत, ते बहुमताच्या मोहाने नव्हे. सर्व चाचण्या एकदम लावल्या तर कमी ठिकाणी नापास होणारा पक्ष तोच आहे, हे त्याचे कारण. तथापि ज्या दिवशी कृष्णद्रव्याचा कण सापडेल त्या दिवशीही मिलग्रोम यांचा उंबरठा दीर्घिकांत का उमटतो हा प्रश्न शिल्लक राहील. उद्याचा विजयी सिद्धांत कोणताही असो, त्याला त्या आलेखाचे कारण द्यावेच लागेल.

आता शेवटची गोष्ट. मोबाईलवर काम घेऊन घरोघर माल पोचविणाऱ्या कामगाराचा मोबदला आज प्रोग्रॅम ठरवितो. पैसे कमी आले अशी तक्रार केली की उत्तर मिळते, ‘सिस्टिम बरोबर आहे, तुमचीच नोंद राहिली असेल.’ म्हणजे नियम निर्दोष धरावयाचा आणि सारा भार अदृश्य नोंदीवर टाकावयाचा. आम्ही संघटनेची माणसे उलट टोकाला जाऊन दर वेळी नियमालाच दोष देऊ लागलो, तर तेही तितकेच आंधळेपणाचे. शंभर जणांची तूट एकत्र मांडा. ती माहीत असलेल्या आकड्यांवरूनच निघत असेल तर सूत्र चुकले आहे, आणि ते ज्याने लिहिले त्याने दुरुस्त केले पाहिजे. तिला स्वतंत्र पत्ता असेल तर राहिलेली नोंद शोधून त्या माणसाच्या नावावर घातली पाहिजे. ते आकडे आमच्या हाती नसतात. तुम्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हाती असतात. तेव्हा अशी तक्रार तुमच्या टेबलावर येईल, त्या दिवशी उत्तर लिहिण्यापूर्वी तो आलेख काढून पाहा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.